ऊन पाणी

लाँड्रीच्या बॉयलरपाशी सारी नोकरी काढलेल्या माणसाला पाणी तापवायला कुणी शिकवायला नको, असं बॉयलरमामांचं स्वतःबद्दल स्पष्ट मत होतं. गल्लीतली लहानथोर मंडळी त्यांना बॉयलरमामाच म्हणत. पाण्यात नुसतं कोपर बुडवून ते किती तापलंय ते सांगायचे, आणि वर कुणी थर्मामीटर घातलाच, तर त्याच्याशी बोलणं बंद. तेव्हा मागच्या अंगणातल्या तलावाचं पाणी कशानं तापवायचं, हा प्रश्न त्यांच्या लेखी हातचा मळ होता.

तलाव खोदलेला नव्हता. लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर जाड प्लास्टिक ताणून जमिनीवरच उभा केलेला, छातीइतका उंच. तो हौसेचाही नव्हता. मामींना पक्षाघाताचा झटका आला, उजवा पाय लुळा पडला आणि बोलणं एकेका शब्दावर आलं. आयुष्यभर टपाल कार्यालयाच्या खिडकीत बसून अख्ख्या गावाशी गप्पा हाणणारी बाई, तिला आता पाणी मागायचं तरी शब्द शोधावा लागे. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, "कोमट पाण्यात रोज पावलं टाकू द्या. पाय एकदा आखडला की मग माझ्या हातात काही नाही."

मामांनी तलाव घरामागे, उंच भिंतीला लागून बसवला. नळ जवळ, प्लग जवळ आणि मुख्य म्हणजे आडोसा. बायकोला असं पाय ओढत पाण्यात उतरताना रस्त्यावरच्या लोकांनी कशाला बघायचं?

पहिल्या दिवशी मामींनी शिडीवर बसून पाय पाण्यात घातला आणि लगेच काढून घेतला.

"गार आहे का गं?"

मामींचे ओठ बराच वेळ नुसतेच हलले. मग शब्द सापडला. "ऊन," त्या म्हणाल्या. "ऊन हवं."

"एवढंच ना? करतो ऊन!" लाँड्रीत "पाणी ऊन झालं का?" ही आरोळी मामांनी जन्मभर ऐकली होती. बऱ्याच दिवसांनी त्यांना कुणीतरी त्यांच्या कामाचं काहीतरी मागितलं होतं.

लेक सुट्टीला आली तेव्हा तिचं म्हणणं पडलं की काळ्या नळ्यांची चटई आणू, पंप पाणी तिच्यातून फिरवेल आणि सूर्य फुकटात तापवून देईल. मामा हसले. "सूर्य हा काय भरवशाचा नोकर आहे? ढग आला की दांडी!" हवेतली ऊब ओढून पाण्यात सोडणारा हीट पंप त्यांनी दुकानात जाऊन पाहिला. यंत्र गुणी, वीज बेतानं खाणारं, पण धिमं, आणि गारठा पडला की त्यालाच हुडहुडी भरणार. विजेची कॉइल म्हणजे हत्तीला चमच्यानं भरवणं. शेवटी गॅसचा हीटर आला. त्याची ज्योत दिसते, तो घुरघुरतो, पाणी कसं डोळ्यांदेखत तापतं. मामांच्या चालण्यात पुन्हा ड्युटीवरचा रुबाब आला.

पाणी छान कोमट झालं. मामींनी पाय घातला, वर भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ऊन."

मामांनी आणखी तापवलं. पुन्हा तेच. आणखी तापवलं, तेव्हा व्यायामाच्या बाईंनी पाण्यात हात घातला आणि त्या मामांवर उखडल्याच. "यात उतरवलंत तर यांना भोवळ येईल! हे काय कपडे धुवायचं पाणी आहे?" मामांच्या वर्मी लागलं. बाई गेल्यावर ते मामींवर ओरडले, "अजून किती ऊन हवंय तुला? शिजवू का आता?"

मामींनी तोंड फिरवलं. त्यानंतर त्या शिडीपाशीसुद्धा येईनात. हीटर घुरघुरत राहिला, पाणी वाफाळत राहिलं आणि पाय दिवसेंदिवस कडक होत चालला. मामांना रात्री झोप लागेना. जे एक काम आपल्याला येतं तेच आपल्याला जमत नाहीये, आणि तेही हिच्यासाठी, या विचारानं ते खचले.

पुढच्या खेपेला लेक चटई घेऊनच आली. हीटरच्या आवाजाला आई भीत असेल, असा तिचा तर्क. चटई टाकायला जागा शोधत ती मागच्या अंगणात दोन फेऱ्या मारून आली.

"बाबा, पण इथे ऊन कुठंय?"

"इथे कसलं आलंय ऊन? ही भिंत केवढी! इथे दिवसभर ऊन म्हणून..."

मामा बोलता बोलता थांबले. तोंडातला शब्द त्यांनी पुन्हा एकदा, सावकाश, मनात उच्चारून पाहिला. मग ते जवळजवळ धावतच घरात गेले आणि पलंगाशी उभे राहून त्यांनी बोट वर केलं.

"हे ऊन? हे वरचं, बाहेरचं ऊन म्हणत होतीस तू?"

मामींनी मान डोलावली आणि त्यांना रडू फुटलं. मामांनाही आवरेना. आजारपणापासून ही बाई पलंगावरून मागच्या खोलीत आणि मागच्या खोलीतून भिंतीच्या सावलीत, एवढीच हिंडली होती.

"पुढं बसवू या," मामा डोळे पुसत म्हणाले. "पण पुढं रस्ता आहे गं. लोक बघतील."

"बघू दे," मामी म्हणाल्या. हे मात्र त्यांना शोधावं लागलं नाही.

तेव्हा मामांना कळलं की आडोसा तिला नको होता. तो आपल्याला हवा होता. ते पचायला फार जड गेलं, पण पचलं.

तलाव रिकामा झाला, पुढच्या अंगणात उभा राहिला, पुन्हा भरला. लेकीनं चटई कौलांवर पसरली, ऊब टिकावी म्हणून पाण्यावर झाकायला हवेच्या फुग्यांचं प्लास्टिक आणलं. हीटर घ्यायला गिऱ्हाईक आलं तेव्हा मामांनी त्याचे गुण सांगितले, दोष लपवले.

सकाळी मामी शिडीवर बसल्या. चटईनं अजून कामाला नीटशी सुरुवात केली नव्हती. मामांनी कोपर बुडवलं आणि त्यांचा जीव खालीवर झाला.

"अगं, थांब. अजून गार आहे. दुपारपर्यंत थांबू या."

रस्त्यानं दूधवाला चालला होता. त्यानं सायकल थांबवून हात केला. मामींनी डावा हात उंचावला, तोंडावर ऊन घेत डोळे मिटले आणि म्हणाल्या, "चालेल."

आणि त्या चालल्या. कडेच्या नळीला धरून, एक पाऊल, मग दुसरं. मामा बाहेरून, तलावाला लागून, त्यांच्या पावलाबरोबर पाऊल टाकत राहिले.