आधी ऐकून घेतील

भोक मोहरीएवढंच होतं. खोडरबर घासून घासून कागदाचा जीव गेला होता. आधी 'हो'च्या चौकटीत बरोबरची खूण, मग ती खोडलेली, मग 'नाही'त खूण, तीही खोडलेली, मग पुन्हा 'हो', पुन्हा 'नाही'... आणि शेवटी चौकटीच्या जागी हे आरपार भोक, ज्यातून टेबलाचा तपकिरी रंग दिसत होता. प्रश्न चौदावा. 'गेल्या तीस दिवसांत तुम्ही एकदा तरी सिगारेट किंवा व्हेप (ई-सिगारेट) ओढली आहे का?'

नियम सोपा होता, आणि तो तिनंच लिहिलेला होता : उत्तर लागत नसेल तर नऊ. नऊ म्हणजे 'उत्तर नाही'. शाळाशाळांतून येणाऱ्या या प्रश्नावल्या संगणकात भरता भरता अठरा वर्षांत तिनं किती नऊ दाबले असतील, देव जाणे. आज मात्र बोट नऊवर नेऊन ती थांबली. उत्तर नाही कसं? इथे तर चार उत्तरं होती. कुणीतरी चौदा-पंधरा वर्षांचं बाकावर बसून, शेजारणीचा कोपर लागत असताना, चार वेळा खरं बोलायला निघालं होतं आणि चार वेळा...

"अजून तिथेच?" विभागप्रमुख सर दारातून म्हणाले. त्यांच्या हातात चहाचा कप होता आणि तो नेहमीसारखा बशीत सांडलेला. "नऊ टाका आणि पुढे चला. एका पोरानं रबर जास्त घासला म्हणून शास्त्र थांबत नाही. अकराला शाळेत पोचायचंय ना तुम्हाला?"

तिनं नऊ टाकला. बोटाला काहीतरी चिकटल्यासारखं वाटलं, म्हणून साडीच्या पदराला पुसलं. पुसण्यासारखं काही नव्हतं.

शाळेत धूम्रपानविरोधी फिल्म दाखवायची होती. तीन मिनिटांची. पुढच्या आठवड्यापासून ती सगळ्या शाळांत जाणार होती, त्याआधीची ही शेवटची चाचणी. काळवंडलेली फुप्फुसं नकोत, घाबरवणं नको — घाबरवलं की मुलं डोळे मिटून घेतात, हे तिनंच आकडे मांडून पटवलं होतं. त्याऐवजी एक मुलगी, एक आई, एक खिडकी, आणि शेवटी पांढऱ्यावर निळ्या अक्षरांत ओळ : 'मनातलं घरी बोला. आईबाबा आधी ऐकून घेतील.' ओळ तिची होती. बैठकीत ती वाचल्यावर दोघांनी तर चक्क मान डोलावली होती, आणि त्या बैठकीत माना सहसा फक्त डुलकी लागली की हलत.

ग्रंथालयाच्या खोलीत नववीच्या आठ मुली गोल करून बसल्या होत्या. पालकांची संमतिपत्रं गोळा झाली, रेकॉर्डरचा लाल दिवा लागला. "मला ताई म्हणा," ती म्हणाली. "हो मॅडम," मुली म्हणाल्या.

हे काम तिला यायचं. प्रश्न विचारायचा आणि मनात सात मोजायचे. शांतता कुणालाच सोसत नाही. सहापर्यंत कुणीतरी बोलतंच. तिला त्या शांततेची भीती कधीच वाटली नव्हती. फिल्म संपली. तिनं विचारलं, "शेवटची ओळ कशी वाटली?" एक, दोन, तीन, चार...

"मॅडम, एक विचारू?" कोपराला चिकटपट्टी लावलेली एक मुलगी म्हणाली. "आधी ऐकून घेतील, ते ठीक आहे. नंतरचं का नाही लिहिलं?"

"नंतरचं म्हणजे?"

"म्हणजे आधी ऐकून घेतील, मग मोबाइल काढून घेतील, मग क्लासला स्वतः सोडायला येतील. मग मावशीला फोन. मावशीकडून आजीला. आणि आजीला कळलं की गावभर."

"आमच्याकडे आधी आणि नंतर एकदमच होतं," दुसरी म्हणाली. सगळ्या खळखळून हसल्या. तीही हसली, हसण्यात सामील व्हावं, असं गटचर्चेच्या मार्गदर्शिकेत होतं.

चिकटपट्टीवाली मात्र हसली नाही. "तुम्हाला मुलगी आहे?"

"आहे. तुमच्याएवढीच."

"ती सांगते तुम्हाला?"

आता मोजायची पाळी तिची नव्हती, तरी आकडे आपोआप सुरू झाले. एक, दोन, तीन... आठ जोडी डोळे, आणि टेबलावर तो लाल ठिपका.

"सांगते," ती म्हणाली.

परतीच्या बसमध्ये तिनं खिडकीशी जागा धरली आणि बस कुठून चालली आहे हे तिला मुळीच दिसलं नाही. दिसत होतं ते स्वयंपाकघर. तीन आठवडे झाले. कानाशी फोन होता, सरांचाच, फिल्मच्याच त्या ओळीबद्दल, आणि ठकू — पंधरा वर्षांची झाली तरी घरात तिला ठकूच म्हणत — दाराच्या चौकटीला पाठ घासत उभी होती. 'आई, तुला एक सांगू? रागावणार नाहीस ना?' आणि आपण फोनवर तळहात ठेवून म्हणालो, 'आधी सांग काय ते, मग ठरवू.' आधी. मग. ठकू क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, 'काही नाही. चष्म्याची काडी मोडली.' 'एवढंच ना!' — केवढं हायसं वाटलं होतं! हायसं वाटून आपण पुन्हा फोनवर बोलायला लागलो, आणि काडी आदल्याच आठवड्यात मोडली होती, तिला दोरा आपणच बांधला होता, हे तेव्हा माहीत नव्हतं का? माहीत होतं. दोरा हिरवा होता... माहीत असून आपण ते खोटं दोन्ही हातांनी घेतलं, पाहुण्यानं आणलेली मिठाई घ्यावी तसं, उगीच नको नकोसुद्धा न म्हणता.

दुपारी कानाला इअरफोन लावून ती चर्चा उतरवायला बसली. स्वतःचा आवाज तिला कधीच आवडायचा नाही. आज तो परका वाटला. मुलीचा प्रश्न. मग पंख्याची घरघर, खुर्चीचा आवाज, दूर कुठेतरी शाळेची घंटा. किती वेळ! मग तो शब्द. तिनं ती जागा चार वेळा ऐकली आणि नियमाप्रमाणे लिहिलं : 'संशोधक : (थांबून) सांगते.' कंसातलं 'थांबून' खोडलं. पुन्हा लिहिलं.

"काय, पोरींना ओळ पटली?" सरांनी विचारलं.

"हसल्या."

"हसल्या म्हणजे आवडली."

"सर, ती ओळ काढू या."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "का?"

"खोटी आहे."

"अहो, घोषवाक्य खरं असायला कधीपासून लागलं?" ते हसत म्हणाले, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी चष्मा पुन्हा खाली घेतला. "बरं. दुसरी द्या. शुक्रवारपर्यंत. पण निव्वळ 'खोटी आहे' असं मला वर कळवता येणार नाही."

दुसरी. मुलांनो, बोला. मुलांनो, बोलू नका. आईबाबांनो... तिथे पेन अडलं ते अडलंच. पाच वाजता तिनं कोरा कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

घराचं लॅच उघडताना तिनं मनात सगळी तयारी केली होती. दोष न देता विचारायचं. हो-नाहीत उत्तर येईल असा प्रश्न टाळायचा. डोळ्यांत डोळे घालून बसायचं नाही, शेजारी बसायचं. मार्गदर्शिकेतले बाराच्या बारा मुद्दे, तिनंच लिहिलेले. ठकू आंघोळीला गेली होती. बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता. आणि पलंगाशेजारच्या खुर्चीवर तिचं दप्तर होतं.

नुसतं जागेवर ठेवू, असं म्हणत तिनं ते उचललं. जड होतं. चेन अर्धी उघडीच होती... आपण उघडली नाही, अर्धी उघडीच होती... वह्या, डबा, चुरगळलेला रुमाल. तिनं रुमाल नाकाशी नेला. साबणाचा वास. मग हा गोडसर वास कसला? फळासारखा, पण कुठल्याच फळाचा नव्हे. की आपणच तो वास शाळाशाळांतून नाकात भरून घरी आणतो? तिचा हात आतल्या कप्प्यात कोपरापर्यंत गेला होता, आणि पाण्याचा आवाज केव्हाचा थांबला होता.

"आई, काय शोधतेस?"

ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून ठकू दारात उभी होती. 'पेन,' असं उत्तर जिभेवर आलं. अगदी तयार, घडी घातलेलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "जे सापडू नये ते."

ठकूचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. "सापडलं?"

"नाही. मी... मी हात काढते." आणि तिनं हात काढला; त्या हाताचं पुढे काय करावं हे न कळून खुर्चीत बसत तो मांडीवर ठेवला. बारा मुद्द्यांपैकी एकही आठवेना. आठवला तो दादा. घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, सतरा वर्षांचा.

"तुझा मामा सिगारेट ओढायचा," ती एकदम म्हणाली. "मी तेरा वर्षांची होते. त्यानं मला पाहिलं आणि म्हणाला, कुणाला सांगू नकोस हं. मी हो म्हटलं. आणि रात्री जेवताना बाबांना सांगितलं."

"का?"

"काळजी वाटली म्हणून." हे वाक्य तिनं आयुष्यभर असंच म्हटलं होतं. मुलाखतीतही, 'या क्षेत्राकडे कशा वळलात' असं विचारल्यावर. "नाही... बाबांनी मला शहाणी म्हणावं म्हणून. म्हणालेही. त्याला मारलं वगैरे नाही. शांतपणे सगळं ऐकून घेतलं, आणि पंधरा दिवसांनी वसतिगृहात पाठवून दिलं."

"म्हणून मामा दर रविवारी फोन करतो आणि फक्त पाऊस आहे का विचारतो?"

तिनं मान वर केली. ही पोर हे केव्हापासून ऐकत होती?

"माझ्या गुडघ्याचंही विचारतो," ती म्हणाली, आणि दोघींना हसू आलं, आणि ते अर्ध्यावरच थांबलं.

ठकू पलंगाच्या कडेवर येऊन बसली. टॉवेलच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग तिच्याकडे न बघता म्हणाली, "तू ऐकतेस ना आई, तेव्हा तुझा चेहरा रिपोर्ट लिहिताना असतो तसा होतो."

"आत्ता?"

ठकूनं नीट निरखून पाहिलं. "आत्ता नाही. आत्ता कसातरीच झालाय."

खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं. ती होत नव्हती.

"मी सांगेन तुला," ठकू म्हणाली. "पण आज नाही."

म्हणजे होतं. काहीतरी होतं. जिभेवर एकदम दहा प्रश्न उभे राहिले. कोण, कुठे, किती वेळा, केव्हापासून, कुणाबरोबर... सगळे सभ्य, सगळे कसून तपासलेले.

"बरं," ती म्हणाली.

एवढासा शब्द, पण तो बाहेर काढताना तिला घाम फुटला. ठकूनं वही ओढून घेतली, कंपासपेटी उघडली आणि भूमितीचं काहीतरी काढायला बसली. तिथेच, उठून दुसऱ्या खोलीत न जाता. तिच्या केसांतून पाणी ठिबकून कागद ओला होत होता. पूस म्हणावं का? नको. तिचं मन शाळेमागच्या रस्त्यावर धावलं, तिथून दवाखान्यात, तिथून कुठल्या तरी न पाहिलेल्या पोरांच्या टोळक्यात. दर वेळी ती त्याचा कान धरून परत या खोलीत आणून बसवत होती आणि दर वेळी ते पुन्हा निसटत होतं. ठकूचे बाबा यायला अजून तास होता. कुकर लावायचा होता. आत्ता उठलं तर सगळं साधं होईल, रोजच्यासारखं... ती उठली नाही. तिला भीती वाटत होती, शाळेत त्या आठ जणींपुढे वाटली नव्हती एवढी, आणि त्या भीतीसकट ती खुर्चीत बसून राहिली.