दीड हाताची भिंत

"तुमनं घर गारेगार शे भो," मुलीचे काका सतरंजीवरून उठत म्हणाले, "पन आमनी पोर आम्ही स्लॅबना घरमाच देसूत."

जीवरामला हसावं की रडावं कळेना. वैशाखातली दुपार, बाहेर अंगाची लाही लाही, त्यात लाईट गेलेली. नरडाण्याहून आलेला हा बाबा जेवून जो आडवा झाला, तो पंख्यावाचून दोन तास घोरला होता. आणि उठल्यावर म्हणे मातीचं घर नको!

जीवरामच्या मुलासाठी, पितांबरसाठी, आलेलं हे तिसरं स्थळ. पोरगा एसटीत कंडक्टर, निर्व्यसनी. अडत होतं ते घरापाशी.

जळगावातल्या एका इंजिनिअरच्या ऑफिसात जीवराम बावीस वर्षं नकाशे काढत होता. लोकांच्या स्लॅबच्या घरांचे शेकड्यानं काढले. दर वेळी सांगायचा, साहेब, पश्चिमेची भिंत जाड घेऊ, खिडक्या समोरासमोर ठेवू. साहेब म्हणायचे, "जीवराम, तू रेघा मार." मग पिंप्राळ्यात प्लॉट घेतल्यावर त्यानं स्वतःचं घर तरी मनासारखं बांधलं. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर धाब्याचं सपाट छत, छतावर खारी माती, गरम हवा निघायला वरती झरोके. आयुष्यात स्वतःच्या डोक्यानं केलेली हीच एक गोष्ट, आणि तिचा त्याला फार अभिमान होता.

पाहुणे गेल्यावर त्याची बायको यशोदाबाई म्हणाली, "तुमच्या गारव्यात पोरगा म्हातारा होईल."

"माझं काय चुकलं?"

"चुकलं नाही हो. पण लोकं नाकं मुरडता ना. बाहेरून तरी सिमेंट मारून घ्या. आत राहू द्या तुमची माती."

जीवराम दोन दिवस भिंतींभोवती फिरत राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं नासीर गवंड्याला बोलावलं. ह्याच भिंतीचा चिखल दोघांनी मिळून तुडवला होता.

"भाऊ, मातीला सिमेंट धरत नाही," नासीर म्हणाला. "तडा गेला की पाणी आत शिरेल, अन् बाहेर निघायला वाट राहणार नाही. तुम्हीच सांगितलेलं मला."

"माहीत आहे. मार."

"मारतो. पण उद्या नाव माझं घेऊ नका."

प्लास्टर झालं, वर पिवळा रंग चढला. ज्येष्ठात चौथं स्थळ आलं. मुलीच्या बापानं भिंतीवर टिचकी मारून पाहिली, मान डोलावली आणि तिथल्या तिथे सुपारी फुटली. आत काय आहे हे कुणी विचारलं नाही, जीवरामनंही सांगितलं नाही. लग्न माघात ठरलं. यशोदाबाईनं गल्लीभर पेढे वाटले. जीवरामला मात्र पेढा गोड लागेना.

आषाढात पश्चिमेच्या भिंतीला केसाएवढी चीर दिसली. त्यानं ती बुजवली. शेजारी दुसरी गेली, तीही बुजवली. श्रावणात भिंतीनं पोट काढलं. रोज ऑफिसातून आला की तो आधी त्या फुगवट्यावर हात ठेवून पाही. एका सकाळी घरातली माणसं मागच्या दारी असताना माती खाली बसली आणि सिमेंटचा पापुद्रा तेवढा उभा राहिला. कुणाला लागलं नाही.

शेजारचा बन्सीलाल छत्री घेऊन बघायला आला. "मी सांगत होतो जीवरामभाऊ, मातीवर भरवसा ठेवू नका."

माती सात वर्षं टिकली होती रे बाबा, सिमेंटनं दोन महिन्यांत खाल्ली, हे जीवरामच्या ओठांवर आलं. पण सिमेंट मारायला लावलं कुणी? हे सांगायला तोंड कुठे होतं त्याला? तो नुसता "हो" म्हणाला.

स्लॅबच्या घराचा नकाशा त्यानं एका संध्याकाळी काढला. यशोदाबाईनं भीत भीत विचारलं, "खिडक्या कुठे ठेवायच्या?"

"तू म्हणशील तिथे."

घर पाडून स्लॅब टाकतायत हे ऐकून व्याही उलट खूशच झाले.

आश्विनात उरलेल्या भिंती पाडल्या. नवीन जोत्याची चौकट उभी राहिल्यावर नासीरनं मातीच्या ढिगाकडे बोट केलं. "भाऊ, ही कुठे टाकू?"

"जोत्यात भर."

मजूर घमेली ओतू लागले. जीवरामनं शर्ट काढून ठेवला, मजुराच्या हातातली माती ठोकायची धुम्मस घेतली आणि पाणी मारत मारत ती माती स्वतः चोपायला लागला. आधी एक कोपरा, मग दुसरा.

"चहा निवतोय," यशोदाबाई म्हणाली. "मजूर आहेत ना, करतील ते."

"थांब, अजून दोन थर राहिलेत," तो मान वर न करता म्हणाला. "कच्चं राहिलं तर फरशी खचेल."