फोटोतलं खाजण

पेणला हिरामणशेठच्या छापखान्यात सगुणा बारा वर्षं कॉम्प्युटरवर डिझाइन करत होती. लग्नपत्रिका, मूर्तिकारांचे कॅटलॉग, शाळांची प्रगतिपुस्तकं, सगळं तिच्या हाताखालून जायचं. पण तिचा खरा हातखंडा फोल्डरचा. गिऱ्हाईक आलं की ती आधी सांगायची, आत जे जे ठेवणार ते कागद आणा, रंगाचं मग बघू. कागद किती नि जाडी किती हे कळल्याशिवाय खिसा किती खोल ठेवायचा, घडीला किती जागा सोडायची, हे ठरणार कसं? मोठ्या माणसाच्या हातात फोल्डर दिला आणि आतले कागद सटकून त्याच्या पायाशी पडले, की बोलणी तिथंच फिसकटली म्हणून समजा.

रोह्याचे हैबतराव आले तेव्हाही तिने तेच सांगितलं. ते जमिनीचे व्यवहार करणाऱ्या एका कंपनीत होते. धरमतरच्या खाडीकाठची मोठी जागा गोदामांसाठी विकायची होती आणि बाहेरून येणाऱ्या खरेदीदारांना द्यायला पाचशे फोल्डर हवे होते. माणूस शांत, बोलायला गोड. कव्हरसाठी त्यांनी आकाशातून काढलेला एक फोटो पेन ड्राइव्हवर दिला आणि आतले कागद उद्या पाठवतो म्हणाले.

ते गेल्यावर सगुणाने फोटो उघडला. एवढ्या मोठ्या कव्हरवर तो धूसर होऊन फुटेल की काय, हे बघायला तिने तो वाढवत नेला. खाडीचं वळण दिसलं. बांध दिसला. बांधातली उघाडी दिसली, भरतीचं पाणी अडवायचं ते जुनं लाकडी दार. सगुणा खुर्चीत पुढे सरकली. त्या उघाडीवर बसून तिने लहानपणी चिखलातले निवटे मासे पकडले होते. हे तिचं माहेर होतं.

मग तिने बांधाच्या आत बघितलं.

तिथं घरं नव्हती. एक्केचाळीस घरं, शाळा, बहिरीचं देऊळ, काहीच नाही. नुसतं हिरवंगार खाजण, तिवरांची खारी दलदल. पहिल्यांदा तिला वाटलं, आपण चुकीची जागा बघतोय. पुन्हा वळण तपासलं, पुन्हा उघाडी. मग तिला तिवराचं एक झुडूप दिसलं, उजवीकडून खाल्ल्यासारखं. शेजारी तसंच दुसरं, पलीकडे तिसरं. तिने मोजली, नऊ होती. एकच झुडूप उचलून नऊ ठिकाणी चिकटवलं होतं. हे काम तिला परकं नव्हतं. नवरीच्या मागच्या विजेच्या तारा ती अशाच पुसायची. तिच्या बापाचं घर कुणीतरी तसंच पुसलं होतं.

तिने हिरामणशेठला दाखवलं. शेठ पडद्याजवळ वाकले. म्हणाले, गिऱ्हाईक देईल ते छापायचं हा आपला धंदा, पण तू एकदा विचारून ये.

आतले कागद आल्यावर तिने नमुन्याचा फोल्डर केला आणि तो घेऊन ती सकाळच्या गाडीने रोह्याला गेली. तिची अजून आशा होती. फोटो कंपनीतल्या कुणी परस्पर केला असेल, यांना ठाऊकच नसेल. हैबतरावांनी खिसे उघडून पाहिले, व्हिजिटिंग कार्डाच्या खाचा आवडल्याचं सांगितलं. तिने फोटोवर बोट ठेवलं.

"साहेब, इथं गाव हाय. खरेदीदार जागा बघायला आला, तर त्याला घरं दिसतील. मग या फोल्डरवर कोण विश्वास ठेवील?"

हैबतराव चिडले नाहीत. त्यांनी फोल्डर नीट मिटला.

"तो येईल तेव्हा नसतील," ते म्हणाले.

सगुणाला वाटलं आपण काहीतरी वेगळंच ऐकलं. ते पुढे लॅमिनेशन मॅट ठेवायचं की चकचकीत, ते विचारत होते. तिने फोल्डर उचलला आणि जिना उतरली. परतीच्या गाडीत पेण आलं ते तिला कळलं नाही. शेजारच्या बाईने हलवून उठवलं.

स्टँडवरून एसटी धरून ती थेट माहेरी गेली. काळुराम, तिचा बाप, मिठागरावरून नुकताच आला होता. तिने फोल्डर त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने खाडी ओळखली, बांध ओळखला. मग बोट आत सरकलं आणि थांबलं.

"आपलं घर कुठं हाय गो?"

त्याने चष्मा पुसून पुन्हा शोधलं. शेजारची बायजाबाई वाकून बघत होती, तिने फोल्डर घेऊन उजेडात धरला. संध्याकाळपर्यंत फोल्डर घरोघरी फिरला आणि प्रत्येक जण त्यात आपलं छप्पर शोधत राहिला.

सोमवारी सगळं गाव पेणच्या तहसील कचेरीत गेलं. एका टेबलावर तो फोल्डर, दुसऱ्यावर घरपट्टीच्या पावत्या. तलाठ्याने येऊन पंचनामा केला, घरं मोजली, एक्केचाळीस भरली. जागेचा व्यवहार चौकशी होईपर्यंत थांबला. हैबतरावांनी काम काढून घेतलं. शेठनी मूर्तिकारांचा कॅटलॉग तेवढा तिच्यापुढे सरकवला.

गाव जागेवर आहे. पण काळुराम तेव्हापासून कामावर निघताना बांधावर थांबतो, मागे वळतो, आणि घर दिसलं की मगच पुढे जातो.