मरियाची यादी

"यंत्र चुकलंय," शमुवेल मास्तर म्हणाले आणि मुंबईहून आलेलं पोस्टकार्ड त्यांनी ओट्यावर पालथं टाकलं.

शेजारची दगडाबाई सुपात शेंगदाणे निवडत बसली होती. "येवढं मोठं यंत्र, ते बी चुकतं व्हय?"

मास्तरांनी कार्ड उचलून पुन्हा वाचलं. श्रीरामपूरच्या कॉलेजात गणित शिकवून सायकलने बेलापूरला परतणारा हा माणूस मुळात अबोल. बायको मरिया गेल्यापासून घरी दिवसाकाठी दहा वाक्यं झाली तरी खूप.

या यंत्राचं खूळ दोन वर्षांपूर्वीचं. मुंबईच्या एका कॉम्प्युटर केंद्रात त्यांचा मित्र राधाकृष्ण नोकरीला होता. माणसाने फोरट्रान नावाच्या भाषेत लिहिलेलं गणित यंत्राला थेट कळत नाही, आधी त्याच्या आज्ञांत भाषांतर व्हावं लागतं. केंद्रात असं भाषांतर करणारे दोन प्रोग्राम होते आणि एकाच गणिताच्या त्यांनी आज्ञांच्या दोन निराळ्या याद्या केल्या. कुठली लवकर संपते? राधाकृष्णने याद्या टपालाने धाडल्या आणि गमतीने लिहिलं, यंत्राची पाळी मिळेपर्यंत तूच यंत्र हो. मास्तरांनी ते मनावर घेतलं. नुसत्या आज्ञा मोजून भागणार नव्हतं, कारण गुणाकाराला बेरजेपेक्षा वेळ जास्त. मग रविवारी चर्चहून आल्यावर एकेक आज्ञा हाताने सोडवायला गजराचं घड्याळ मध्ये ठेवून नवराबायको पाटांवर समोरासमोर बसली. पहिली यादी मास्तरांकडे, दुसरी मरियाकडे. ती सातवी शिकलेली, मुलींना शिवण शिकवणारी. पण एकही आज्ञा न गाळता तिची पेन्सिल चालत राहिली. मास्तरांना एक तास चाळीस मिनिटं लागली, तिला एक तास दहा.

"तुमी हरला, मास्तर," असं म्हणून ती केवढी हसली होती.

त्याच पावसाळ्यात ती काविळीने गेली. मास्तरांनी या तुलनेवर लिहायला घेतलेला निबंध कुढत कुढत पुरा केला, दुसरी यादी जलद असं ठासून लिहिलं आणि वर दोघांची नावं घातली. मुंबईच्या गणितज्ञांच्या बैठकीत तो वाचला जायचा होता, मग छापला जायचा होता. मरियाचं नाव कुठे छापून येणार असेल तर ते तिथेच.

आणि आता राधाकृष्ण कळवत होता की यंत्रावर दोन्ही याद्या चालवून पाहिल्या, पहिली जलद निघाली. पुन्हा तपासून बुधवारच्या आत लिही.

"मरियाची यादी अर्धा तास आधी संपली होती," मास्तर हट्टाने म्हणाले. "घड्याळ समोर होतं."

"संपनारच की," दगडाबाई दाणे पाखडत म्हणाली. "तिचा हात लई चलाख. माजं एक सूप हुतंय तवर तिची दोन व्हायची. तुमी तर चहा बी घोट मोजून पिता."

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. उभी हयात पोरांना गणित शिकवलं आणि एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती. दोन याद्या, आणि हातही दोन. नीट तुलना करायची तर दोन्ही याद्या एकाच हाताखालून जायला हव्या होत्या.

ते आत गेले. ट्रंकेतून दुसरी यादी काढली, मरियाच्या पेन्सिलीच्या खुणा असलेली. घड्याळाला किल्ली दिली, पाटावर बसले आणि पहिल्या आज्ञेपासून सुरुवात केली. समोरचा पाट मोकळा होता. मध्येच एका बेरजेपाशी तिने समासात छोटंसं फूल काढलेलं दिसलं. तिला वेळ होता तेवढा. मास्तर क्षणभर थांबले, डोळे पुसले आणि घड्याळ चालू आहे म्हणून घाईने पुढे गेले.

शेवटची आज्ञा संपली तेव्हा उन्हं भिंतीवरून उतरली होती. दोन तास पाच मिनिटं, पहिल्या यादीपेक्षा पंचवीस जास्त.

त्यांनी निबंधातला एक तास दहाचा आकडा खोडला. तो खोडल्यावर मरियाच्या नावाला तिथे काही कारण उरलं नाही, आणि एकट्याचं नाव घालून तो वाचावा असं काही त्यांना वाटेना. पोस्टकार्डावर त्यांनी दोन ओळी लिहिल्या. यंत्र बरोबर आहे. निबंध मागे घेतो.

दगडाबाई भाकरी घेऊन आली ती उंबऱ्यातच थबकली. मास्तरांचे डोळे लाल होते.

"मंग? कोन पुडं गेलं?"

"मरिया," मास्तर म्हणाले. "त्याच यादीवर, पंचावन्न मिनिटांनी."

दगडाबाईने मान डोलावली आणि भाकरी झाकून ठेवली. तिला ते आधीच ठाऊक होतं.