अर्धा इंच कमी

जुन्या बिडाच्या सामानाची पारख करणाऱ्या त्या बाईंना बाजारात सगळे लोखंडबाई म्हणत. बाक, टेबलं, कठड्यांच्या जाळ्या काहीही असो, वस्तू खरी जुनी की कालची आणि विकली तर किती मोल येईल, हे त्या बिनचूक सांगत. पन्नाशी उलटली तरी माणसांची धास्ती काही गेली नव्हती. समोरच्याने नुसते डोळे वटारले तरी त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची.

त्या दिवशी एका बहीण-भावाच्या घरी त्या गेल्या होत्या. आई महिन्यापूर्वी वारली होती आणि नेच्याच्या पानांच्या नक्षीचा बागेतला बाक लेकीला द्यावा, असं लिहून गेली होती; तो पारखायला लेकीनेच बाईंना बोलावलं होतं. बाक मागच्या शेडमध्ये होता, किल्ली थोरल्या भावाकडे. बहिणीला नेमका फोन आला, म्हणून बाईंबरोबर एकटा भाऊच आत गेला.

बाईंनी पानांच्या शिरांवरून बोट फिरवलं. जुन्या ओतकामात त्या बोटाला टोचतात. इथे सगळं झिजलेल्या साबणासारखं गुळगुळीत होतं. गंज बोटाला भुकटीसारखा लागला, केशरी. मुरलेला गंज काळपट असतो, असा हाताला येत नाही. बाई खाली वाकल्या. सांध्यावर ग्राइंडरचे ताजे ओरखडे होते.

त्यांनी पिशवीतून जुनी वही काढली. नऊ वर्षांपूर्वी आईंनी याच बाकाचं मोल त्यांच्याकडून करून घेतलं होतं. लांबी अठ्ठेचाळीस इंच. त्यांनी टेप लावला. साडेसत्तेचाळीस.

खऱ्या वस्तूचा ठसा वाळूत घेऊन त्यात बीड ओतलं, की निवताना ते आकसतं. नक्कल नेहमी थोडी लहानच निघते. म्हणजे कुणीतरी आईंच्या बाकावरून दुसरा ओतून घेतला होता आणि खरा गायब केला होता. किल्ली एकाच माणसाकडे होती, आणि तो त्यांच्या पाठीमागे उभा होता.

"झालं का?" त्याने विचारलं.

"एकदा परत मोजते."

"कितीदा मोजाल? बाक काय वाढत्या वयाचा आहे?" तो हसला. मग त्याची नजर वहीवर गेली. पानावर आईची सही होती. त्याचं हसू मावळलं. तो दाराशी गेला आणि त्याने आतून कडी घातली.

"तुमचं दुकान जिन्याखाली, आणि वर तुम्ही राहता. एकट्याच ना?"

"हो," बाई म्हणाल्या.

"मग नसती भानगड कशाला? बाक आईचाच आहे. बाहेर जाऊन तेवढं सांगा."

त्याने आवाज चढवला नाही. त्यामुळेच बाईंनी वही मिटून घेतली.

"सांगते," त्या म्हणाल्या. त्या क्षणी त्यांनी काहीही कबूल केलं असतं.

कडी निघाली. बहीण समोरूनच येत होती. "काय म्हणतोय आईचा बाक?"

"आईंचाच आहे," बाई म्हणाल्या आणि फाटकाकडे चालू लागल्या. दहा-बारा पावलांवर त्यांनी मागे पाहिलं. बहीण शेडमध्ये बाकावर बसली होती, हातावर हात फिरवावा तशी बाकाच्या हातावरून तळवा फिरवत होती. मग तिने तळवा उजेडात धरला. तो केशरी झाला होता.

"दादा, हे काय?"

"ओल लागली असेल."

फाटक हाताशी होतं. तरी त्या परत फिरल्या आणि वही बहिणीच्या मांडीवर ठेवली.

"हा बाक आईंचा नाही. मघाशी मी खोटं बोलले. घाबरले म्हणून."

भाऊ दोन पावलं पुढे आला. बाईंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा बहीण दोघांच्या मध्ये उभी होती. ती भावाकडे बघत राहिली. शेवटी तोच नजर चुकवून निघून गेला.

भावाला वकिलाची नोटीस गेल्यावर त्याच्या एका दोस्ताच्या हॉटेलच्या अंगणातून खरा बाक परत आला. बाईंचा घोर मात्र गेला नाही. पंधरा दिवस त्या मावसबहिणीकडे झोपायला गेल्या. एके संध्याकाळी तो भाऊ दुकानासमोर येऊन उभा राहिला, बराच वेळ बघत राहिला आणि गेला. बाईंनी त्याच्या बहिणीला फोन लावला.

"काय करू गं मी?"

"काही करू नका. दुकान बंद करायच्या वेळेला मी रोज येत जाईन," ती म्हणाली. "मलाही त्याची भीती वाटते, बाई. दोघी असू."