उलटा सहा

दाजी संशयी होते असं सांगणं म्हणजे मीठ खारट असतं असं सांगणं. दूध पातळ लागलं तर दूधवाल्यानं पाणी घातलं. दाट लागलं तर आज यानं पाणी का घातलं नाही, काय डाव आहे, याची चिंता. छत्री सापडली नाही की ती कोणीतरी लांबवलेली असे, आणि सापडली की कोणीतरी गुपचूप आणून ठेवलेली. मेहुणा त्यांना दाजी म्हणायचा म्हणून अख्खी गल्ली त्यांना दाजी म्हणे, आणि त्याच न्यायानं त्यांच्या बायकोला ताई.

गाड्यांच्या नंबर प्लेटा बनवायचं दुकान होतं त्यांचं. खाली प्रेस, वर घर. प्रेसचा दांडा ओढायचं काम मेहुण्याचं. त्याला सगळे घुम्या म्हणत, कारण एकदा विचारून तो कधी उत्तर देत नसे. दुसऱ्यांदा विचारावं लागे. ताई गिऱ्हाईक बघायच्या आणि गर्दी झाली की प्रेसवरही बसायच्या. दाजी देखरेख करायचे, म्हणजे दोघांच्या पाठीमागे उभे राहायचे.

नंबर प्लेटा बदलल्या आणि दाजींच्या स्वभावाला खतपाणीच मिळालं. पूर्वी प्लेटवरची पहिली अक्षरं गाडीचं गाव सांगत. कोणी आडवी गाडी घातली की अक्षरं बघून त्या सगळ्या गावाचा उद्धार करता येई. नव्या पद्धतीत गावच काढून टाकलं. अक्षरं नुसती ओळीनं पुढं सरकणार, गाडी कुठलीही असो. माणसाला तोंड लपवायची सरकारी सोय झाली, असं दाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

प्लेटचं रूपही बदललं. चकाकता पत्रा, सडपातळ आकडे, आणि कोपऱ्यात ती कुठल्या प्रेसवर बनली त्याची बारीक खूण. आकड्यांचे नवे ठसे नोंदणी कार्यालयानं दिले, ते कार्यालयाच्याच मालकीचे. त्यात सहा आणि नऊचा घोळ मुद्दाम मिटवला होता. जुन्या काळी कुठलाच प्लेटवाला नऊचा वेगळा ठसा बाळगत नसे. सहा उलटा धरला की नऊ. आता सहाच्या शेपटीत एक चीर होती आणि नऊच्या पोटात. कोणी जुन्या सवयीनं उलटा सहा दाबला तर चीर पोटाऐवजी शेपटीत उमटणार आणि प्लेट खोटी ठरणार. साध्या माणसाला ती चीर दिसतही नाही. दाजींना आधी चीर दिसे, मग गाडी.

तर एका सकाळी दाजी पेट्रोल पंपावर रांगेत उभे होते आणि पुढं एक पांढरा टेम्पो होता. त्याच्या नंबरात दोन नऊ शेजारी शेजारी. पहिल्याची चीर पोटात, दुसऱ्याची शेपटीत. दाजींच्या मनात पाल चुकचुकली. बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं ते खाली वाकले आणि कोपऱ्यातली खूण बघितली. खूण त्यांच्याच दुकानाची होती.

टेम्पोवाल्याला काही न विचारता ते तडक दुकानात आले. त्या नंबरची प्लेट आपल्याकडून गेली होती, हे त्यांना नोंदीत मिळालं. पण आपल्याकडून गेलेली प्लेट खरी असणार, म्हणजे तिच्यावर दोन्ही नऊ धडके असणार. मग टेम्पोवर दिसली ती दुसरी. जुळी प्लेट! एकाच नंबरच्या दोन गाड्या. चोरीची गाडी भल्या माणसाच्या नंबरावर राजरोस फिरते, तसला धंदा. त्यांनी ठशांचं खोकं उघडलं. नऊचे दोन ठसे असायला हवे होते, एकच होता.

सगळं जुळलं. कोणीतरी एक नऊ बाहेर नेतो, दुसरीकडं आपलीच खूण मारून प्लेटा दाबतो, आणि नंबरात दोन नऊ आले की दुसऱ्या जागी सहा उलटा करतो. हे ज्याला जमेल असा माणूस घरात एकच होता. आपल्या हुशारीचं दाजींना त्या क्षणीही थोडं कौतुक वाटलं, आणि मग परवाना आठवला. जुळी प्लेट कार्यालयाच्या हाती लागली तर प्रेसला सील. परवान्याच्या नूतनीकरणासाठी तपासनीस साहेब याच आठवड्यात येणार होते. परवाना गेला तर खाली प्रेस नाही आणि वर घर नाही.

सरळ विचारलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण सरळ विचारलं तर समोरचा सावध होतो, असा दाजींचा अनुभव. खरं तर अनुभव नव्हताच, कारण त्यांनी कधी कोणाला सरळ विचारलंच नव्हतं. त्यांनी पाळत ठेवली. आणि पाळत ठेवणाऱ्याला काही ना काही सापडतंच. घुम्या दुपारी जेवण उरकून बाहेर जाई. जाताना त्याच्या खिशाला कसलंतरी वजन असे. एकदा त्यानं कागदात गुंडाळलेलं काहीतरी ताईंना दाखवलं आणि दाजींची चाहूल लागताच पुन्हा खिशात कोंबलं. जिन्याशी बहीण-भाऊ कुजबुजत, दाजी आले की ताई उगाच हवेबद्दल बोलू लागत. सख्खा भाऊ आहे, बिचारीला गोडीगुलाबीनं गंडवतोय, असं दाजींनी ठरवलं. बायकोवर त्यांनी संशय घेतला नाही. तेवढा चांगुलपणा त्यांच्यात होता, किंवा तेवढी हिंमत नव्हती.

साहेब यायचे त्या दिवशी सकाळी ताई वर गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. दाजींनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि घुम्याला समोर उभं केलं.

"पांढऱ्या टेम्पोची प्लेट," ते म्हणाले. "दुसरा नऊ म्हणजे उलटा सहा आहे. कोणी केला?"

दाजींनी दुसऱ्यांदा विचारलं. मग ठसा कुठाय म्हणून विचारलं. घुम्याचा हात आपोआप खिशाकडं गेला. दाजींना आणखी काय हवं होतं? खाल्ल्या घराचे वासे मोजणारा, केसानं गळा कापणारा, असं जे जे तोंडाला येईल ते ते त्यांनी ऐकवलं. घुम्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. सगळं संपल्यावर त्यानं खिशातली पुडी काढून प्रेसवर ठेवली.

"दाजी, ताईला यातलं काही विचारू नका," एवढंच तो म्हणाला आणि शटरखालून वाकून बाहेर पडला.

ही कबुलीच झाली. दाजींनी पुडी उघडायचीही तसदी घेतली नाही. ठसा परत मिळाला होता. त्यांनी लगेच कार्यालयात साहेबांना फोन लावला. चोर घरातच निघाला, मीच पकडला, मीच हाकलला, सगळं सांगितलं. साहेबांनी शाबासकी दिली. त्या माणसाचं नाव आजच प्रत्येक प्रेसला कळवतो, म्हणाले, पुन्हा कुठं पत्र्याला हात लावता येणार नाही त्याला. पोलिसांचं काय ते नंतर बघू, आधी मी येतोच. फोन ठेवताना दाजींचा जीव भांड्यात पडला.

रिकामी बादली घेऊन ताई खाली आल्या. भाऊ कुठाय म्हणाल्या. दाजींनी जमेल तेवढ्या हळुवारपणे सांगितलं. ताईंनी बादली खाली ठेवली.

"ती प्लेट मी केली," त्या म्हणाल्या.

दाजींचा पहिला प्रश्न काय असावा? "कोणासाठी?"

"गिऱ्हाईकासाठी. तीच एक प्लेट आहे. दुसरी नाहीच."

भावाला वाचवायला हे चाललंय असं दाजी म्हणणार होते, तेवढ्यात ताईंनी पुडी उघडून त्यांच्यापुढं धरली. आत नऊचा ठसा होता, पोटातल्या चिरेवर दोन तुकडे झालेला, मधे जोड दिल्याची काळी ओबडधोबड रेघ, आणि तो जोडही पुन्हा सुटलेला.

जुन्या प्लेटांचा शेवटचा दिवस होता तो, त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून जुनी प्लेट दिसली की गाडी अडवणार होते, म्हणून कोपऱ्यापर्यंत रांग. दाजी कोरे पत्रे आणायला कार्यालयात गेलेले. गडबडीत ठसा ताईंच्या हातातून निसटला आणि फरशीवर पडून दुभंगला. टेम्पोवाला घाई करत होता. इतक्या वर्षांचा हात. त्या हातानं आपोआप सहा उचलून उलटा लावला. टेम्पो गेल्यावर घुम्याच्या लक्षात आलं. गाडी परत बोलवावी तर नोंदीत नुसता नंबर, टेम्पोवाल्याचा पत्ता नाही, आणि नव्या अक्षरांवरून गाव कळायची सोय नाही. तेव्हापासून घुम्या तो ठसा जोडून मिळतो का म्हणून लोखंडकाम करणाऱ्या एकेका खराद्याचे उंबरे झिजवत होता.

"मग मला सांगायचं नाही?" दाजी म्हणाले.

ताईंनी पुडी पुन्हा गुंडाळली. बाहेर साहेबांची गाडी थांबली होती.

साहेब आत आले, शटर वर ढकलून. चोर कुठला, कोणाकोणाला प्लेटा विकल्या, त्यांनी फाईल उघडून विचारायला सुरुवात केली. दाजींनी प्रेसकडं बघितलं. खरं बोलावं तर तुटलेला ठसा लपवला, खोटी प्लेट दिली; सील ठरलेलं. गप्प बसावं तर घुम्याचं नाव जाईल आणि दुकान राहील. गप्प बसायला फार काही लागत नव्हतं. त्यांनी साहेबांना पाणी हवं का विचारलं.

ताई त्यांच्याकडंच बघत होत्या. त्या पुढं झाल्या, पुडी साहेबांच्या फाईलवर ठेवली आणि मघाचं सगळं पहिल्यापासून सांगितलं, आवाज न चढवता. भावाचं नाव आधी खोडा, मग पुढचं लिहा, असंही म्हणाल्या. साहेबांनी तुकडे उलटसुलट करून बघितले, नाव खोडलं आणि दाजींकडं वळले.

"तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं? नीट सांगा. मालकानं माहीत असून लपवलं असेल तर मला सील लावावं लागेल."

दाजींनी तोंड उघडलं, पण ताई आधी बोलल्या.

"यांना काही माहीत नव्हतं, साहेब. आम्ही यांना काहीच सांगत नाही. काय फुटलं, कोण आजारी पडलं, कोण भेटून गेलं, काही नाही. सांगितलं की चौकशी सुरू होते. लग्न झाल्यापासून मी सांगत नाही, आणि माझ्या भावालाही मीच शिकवलं सांगायचं नाही म्हणून."

एवढं बोलून त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि भावाला शोधायला निघून गेल्या. माणूस पायीच गेला होता, फार लांब गेला नसेल.

साहेबांना बरं वाटलेलं दिसलं. मालक निर्दोष निघाला की कागदपत्रं सोपी होतात. प्रेस चालू राहील, म्हणाले, ताकीद देतो, टेम्पो आम्ही शोधू. सगळी माणसं आपल्यापासून काहीतरी लपवतात, हे दाजी आयुष्यभर म्हणत आले होते. ते पहिल्यांदाच सिद्ध झालं होतं, आणि त्यावरच त्यांचा परवाना वाचला होता. साहेबांनी लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं: घरातल्या कोणीही मालकास याची कल्पना दिलेली नव्हती.

बरोबर आहे ना, म्हणून साहेबांनी विचारलं. दाजी काही बोलले नाहीत. साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा त्यांनी मान हलवली, पेन घेतलं आणि त्या वाक्याखाली सही केली.