रात्रीची ट्यूब

बायको गेल्याचं कळलं त्या दुपारी तिच्या पार्लरमध्ये एक बाई तोंडाला लेप लावून बसल्या होत्या. मुलाचा दवाखान्यातून फोन आला. सुनेनं आधी बाईंचं तोंड नीट धुतलं, पुसलं, मग आत जाऊन रडली. पार्लर बंद करायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

सुनेचा हात चांगला आहे, पण जुन्या बायका तिला सासूच्या मापानं मोजत. एक नाराज होऊन गेली की दोघी-तिघी तिच्यामागे जायच्या. मी बाहेरच्या टेबलाशी बसतो, पडद्याच्या अलीकडे. माझा सगळा जन्म गाड्यांना रंग मारण्यात गेला. पार्लरचं जे कळतं ते जेवताना बायकोच्या बोलण्यातून.

महिन्याभरानं शिलाईवाल्या ताई आल्या. मुलीचं लग्न दोन दिवसांवर आलेलं.

"सगळा चेहरा वॅक्स कर," त्या सुनेला म्हणाल्या, "आणि ते चुरचुरणारं फेशियलही. मी नवरीची बहीण वाटले पाहिजे."

"मग नवरीकडे कोण बघणार?" सून हसली. "चेहऱ्याला काही लावता का?"

"छे गं. पावडरसुद्धा नाही."

सून वॅक्स तापवायला गेली. ताई माझ्यासमोरून आत निघाल्या तेव्हा त्यांच्या नाकाशेजारी बारीक पापुद्रे दिसले. आमच्या हिची विचारायची पद्धत वेगळी होती. डॉक्टरनं दिलेलं औषध बायका 'लावण्यात' धरत नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

"ताई, डॉक्टरनं रात्रीची कुठली ट्यूब दिलीय?" मी विचारलं.

"ती होय? डागांवरची. ते औषध आहे भाऊ, नट्टापट्टा नाही. रोज लावते, कालही लावली." त्यांनी नाव सांगितलं.

सुनेनं पडदा सारला. "हे रेटिनॉइड आहे ताई. वॅक्स नाही करता येणार."

"तुझ्या सासूनं मला असं परत पाठवलं नसतं."



"तिनंच पाठवलं असतं," मी म्हणालो. "या औषधानं वरची कातडी नाजूक होते. घासून पातळ केलेल्या रंगावर चिकटपट्टी लावून ओढली, तर रंग पट्टीबरोबर येतो. लग्नात ओठावर लाल चट्टा घेऊन उभ्या राहाल."

"मी काय गाडी आहे?"

"गाडी असता तर पुन्हा रंग दिला असता."

ताईंना हसू आलं. मग सूनच पुढे झाली. "भुवया दोऱ्यानं करते, नाकाजवळ हात लावत नाही. ॲसिडचं फेशियल नको, स्क्रबही नको. लग्न होईपर्यंत ट्यूब थांबवू का, ते डॉक्टरांना फोन करून विचारा. तोवर साधं मॉइश्चरायझर लावा आणि उन्हात जाताना सनस्क्रीन. पुढे वॅक्स करायचंच असेल, तर ट्यूब किती दिवस आधी बंद ठेवायची तेही विचारून घ्या."

ताई भुवया करून गेल्या. लग्नानंतरच्या आठवड्यात त्यांनी आपल्या विहीणबाईंना आमच्याकडे पाठवलं. त्या खुर्चीत बसताच सुनेनं विचारलं, "डॉक्टरनं रात्रीची कुठली ट्यूब दिलीय?" मला तोंड उघडावं लागलं नाही.

पाटीवर आता सुनेचं नाव घालायचं आहे. रंग आणून ठेवलाय, ब्रशही धुतलेत. जुनं नाव अजून पुसलेलं नाही.